ट्रकचा आहे, त्याला काय होतंय?

इंजिनांच्या नादी लागलेल्या माणसांमध्ये बसलात तर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक: 'ट्रकचा क्रँकशाफ्ट आहे, त्याला काय होतंय?' दुसरं: 'जुना कशाला घालताय, सरळ नवा मागवा.' पहिलं वाक्य बोलणारा स्वतःला पक्का मिस्त्री समजतो. दुसरं बोलणारा स्वतःला व्यवहारी समजतो. आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. मला विचाराल तर दोघं एकच चूक करताहेत. समोर टेबलावर जी वस्तू पडली आहे, ती दोघांपैकी कुणीच बघितलेली नाही. एकाने तिच्यावरचं 'हेवी-ड्यूटी' हे लेबल वाचलंय, दुसऱ्याने 'ब्रँड न्यू' हे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. अवजड ट्रकमधून निघालेला जुना क्रँकशाफ्ट शर्यतीच्या किंवा ताकद वाढवलेल्या इंजिनात जरूर वापरावा. पण ज्या कारणासाठी लोक तो वापरतात ते कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि ज्या कारणासाठी नाकारतात तेही.

ज्यांनी इंजिन कधी उघडलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायकल चालवताना तुमची मांडी वर-खाली होते आणि पेडलचा दांडा गोल फिरतो. मांडीच्या जागी पिस्टन, पोटरीच्या जागी कनेक्टिंग रॉड आणि पेडलच्या दांड्याच्या जागी क्रँकशाफ्ट ठेवा, झालं इंजिन. फरक इतकाच, की इथे आठ मांड्या एकाच दांड्यावर आळीपाळीने लाथा मारत असतात, मिनिटाला हजारो वेळा. प्रत्येक लाथेने तो दांडा थोडा वाकतो, थोडा पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. तो सरळ होत राहणं म्हणजेच इंजिन चालू असणं.

स्कूल बस आणि ल मां

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा २०१९चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६६ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या जीटी४० मार्क २ गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, त्याची ती गोष्ट. त्या गाड्यांमध्ये ४२७ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. ते फोर्डच्या 'एफई' नावाच्या कुळातलं. हे कूळ १९५८ साली बाजारात आलं आणि साध्या घरगुती गाड्यांपासून शर्यतीपर्यंत सगळीकडे गेलं.

या कुळाची आणखी एक शाखा होती, जिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. तिचं नाव 'एफटी', त्यातला 'टी' ट्रकचा. ३३०, ३६१ आणि ३९१ घनइंचांची ही इंजिनं १९६४पासून १९७०च्या दशकाच्या अखेरपर्यंत फोर्डच्या मालवाहू ट्रकांत आणि अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसगाड्यांत बसत होती. एका भावाने ल मां जिंकली, दुसऱ्याने पोरं शाळेत सोडली.

आता गंमत बघा. घरगुती गाडीतल्या ३९० इंजिनाचा क्रँकशाफ्ट ओतीव असायचा. वितळलेलं खास प्रतीचं लोखंड साच्यात ओतून केलेला. ट्रकवाल्या ३९१चा मात्र घडीव पोलादाचा. लाल तापलेली पोलादाची कांब साच्यात दाबून घडवलेला. लोहार विळा घडवतो तसं, फक्त हातोडा काही हजार टनांचा. घडवताना धातूचे आतले रेषे वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात, लाकडात फांदीपाशी रेषे वळतात तसे. त्यामुळे घडीव क्रँकशाफ्ट ताण अधिक सोसतो आणि मर्यादेबाहेर गेला तर अनेकदा तुटण्याआधी वाकतो.

शिवाय या ३९१च्या क्रँकशाफ्टचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ३.७९ इंच होता. गाडीतल्या ३९०चा आणि ल मांवाल्या ४२७चाही जवळपास तेवढाच. बेअरिंगच्या जागाही जुळणाऱ्या. मोठी अडचण एकच. पुढचं टोक, जिथे पुली आणि डॅम्पर बसतो, ते ट्रकमध्ये पावणेदोन इंच जाड आणि गाडीत १.३७५ इंच. लेथवर टोक उतरवलं, की भंगारातल्या स्कूल बसचं पोलाद शर्यतीच्या इंजिनात बसायला तयार. ज्यांच्या खिशात कारखान्याचा शर्यतीचा क्रँकशाफ्ट परवडण्याइतके पैसे नव्हते, त्यांनी हेच केलं.

हे काही फोर्डपुरतं नव्हतं. शेव्हरोलेच्या अवजड ट्रकांत ३६६ आणि ४२७ घनइंचांची उंच ब्लॉकची इंजिनं होती. त्यांच्या घडीव क्रँकशाफ्टचा स्ट्रोक ३.७६ इंच, गाड्यांमधल्या ३९६ आणि ४२७ इतकाच. तिथेही तीच वाट मळली. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात जीएमसीचे अडीच टनी सैनिकी ट्रक लाखांनी बनले. त्यांची सहा सिलिंडरची इंजिनं युद्धानंतर स्वस्तात मिळू लागली आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायच्या गाड्यांत घातली. १९४९ साली मर्क्युरी गाडीत चार इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट आला, तर तो उचलून जुन्या फोर्ड व्ही-८मध्ये बसवायची पद्धतच पडली. 'हॉट रॉड' नावाची जी संस्कृती पुढे जगभर गेली, तिचा पाया भंगारवाल्याच्या अंगणात घातला गेला आहे. कॅटलॉग आणि कुरिअर नंतर आले.

पण त्या पोरांबद्दल एक गोष्ट विसरली जाते. त्यांच्याकडे लेबल वाचून विश्वास ठेवायची सोयच नव्हती. वस्तू भंगारातली होती. ती मोजल्याशिवाय, घासल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय बसणारच नव्हती. पुढच्या पिढ्यांनी त्यांचा निष्कर्ष उचलला आणि मेहनत सोडून दिली. मग उरलं ते 'ट्रकचा आहे, त्याला काय होतंय?'

हेवी, पण कशासाठी?

'हेवी-ड्यूटी' हा शब्द अर्धाच आहे. ड्यूटी कुठली, हे तो सांगत नाही. पोत्यांची थप्पी पाठीवर वाहणारा हमाल आणि शंभर मीटर पळणारा धावपटू दोघंही दणकट असतात. पण हमालाला बूट घालून ट्रॅकवर उभं केलं म्हणून तो पळणार नाही.

ट्रकच्या इंजिनाची ड्यूटी म्हणजे तासन् तास भरलेलं ओझं. घाटात पूर्ण ताकद, उन्हात, धुळीत, वर्षानुवर्षं. पण फेरे कमी. या पेट्रोल ट्रकांची इंजिनं मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या आतच काम करायची. शर्यतीची ड्यूटी उलटी. थोडाच वेळ, पण फेरे सहा-साडेसहा हजार किंवा त्याहून वर.

फेरे वाढले की काय होतं? पिस्टन प्रत्येक टोकाला थांबतो आणि दिशा बदलतो. त्याला थांबवायला आणि उलटं खेचायला लागणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ३.७९ इंचांचा स्ट्रोक आणि या इंजिनात असतो तेवढा, सुमारे साडेसहा इंचांचा, कनेक्टिंग रॉड धरा. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून एक किलो धरा. चार हजार फेऱ्यांना वरच्या टोकाला ते एक किलो सुमारे अकराशे किलोंच्या ओढीने क्रँकशाफ्टला हिसका देतं. साडेसहा हजारांना तीच ओढ सुमारे २,९०० किलो होते. फेरे दुपटीनेही वाढले नाहीत, हिसका मात्र अडीच पटीहून जास्त वाढला. आणि हा हिसका पेट्रोल जळो न जळो, बसतोच. ॲक्सिलरेटर सोडलात तरी बसतो.

म्हणजे ट्रकमध्ये दोन लाख मैल धावलेला क्रँकशाफ्ट साडेसहा हजार फेऱ्यांबद्दल काहीही सिद्ध करत नाही. त्याची ती परीक्षा कधी झालेलीच नाही. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून कुणी पोहता येतं असं म्हणत नाही.

नव्यावाल्यांनी इथे टाळ्या वाजवायची घाई करू नये. त्यांचंही लेबल फाटकंच आहे. नव्या, महागड्या क्रँकशाफ्टवर '४३४० मिश्र पोलाद' असं लिहिलेलं असतं आणि लोक ते देवाच्या नावासारखं उच्चारतात. ४३४० उत्तम पोलाद आहे, ते जास्त ताण सोसतं, हे खरंच. पण ते जास्त ताठ नसतं. पोलाद साधं असो की मिश्र, ताठरपणा जवळपास सारखाच. एकाच मापाचे दोन क्रँकशाफ्ट, एक साध्या कार्बन पोलादाचा आणि एक ४३४०चा, तेवढ्याच बलाने जवळपास तेवढेच वाकतील आणि तेवढेच पिळले जातील. महागडा तुटायच्या सीमेपासून जास्त लांब असेल, इतकंच. बेअरिंगमधली तेलाची फट मात्र दोघांनाही सारखीच सांभाळावी लागणार.

आणि ओतीव म्हणजे टाकाऊ, हाही असाच एक भ्रम. १९६८ साली आलेलं फोर्डचं ४२८ कोब्रा जेट, ज्याने ड्रॅग शर्यतीत नाव कमावलं, ते ओतीव क्रँकशाफ्टवर धावत होतं. त्याच्या मर्यादेत ते उत्तम चाललं. मर्यादा कळणं महत्त्वाचं. ती ना 'ओतीव' या शब्दात लिहिलेली असते, ना 'घडीव' या शब्दात.

पोलाद म्हातारं होतं का?

जुन्याला नाकारणाऱ्यांचा सर्वांत मोठा मुद्दा असतो थकवा. 'पन्नास वर्षांचा क्रँकशाफ्ट आहे, पोलाद थकलं असणार.' ऐकायला पटतं, कारण आपण माणसांवरून धातू जोखतो. पण पोलादाला वय नसतं. त्याला ताणाच्या आवर्तनांचा इतिहास असतो.

हे कळायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. रोज व्यवस्थित चालणारा ॲक्सल एके दिवशी, एरवीच्याच ओझ्याखाली कसा तुटतो? पुढे प्रशियातल्या रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि ६०च्या दशकांत रेल्वेच्या ॲक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यातून जे दिसलं ते आज प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थी शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. साध्या पोलादासाठी ताणाची एक मर्यादा असते. ताण त्याच्याखाली राहिला, तर कोट्यवधी आवर्तनं झाली तरी व्यवहारात पोलादाचं काही बिघडत नाही. त्याच्या वर गेला, तर प्रत्येक आवर्तन थोडं थोडं खात जातं.

ट्रक बनवणाऱ्यांनी क्रँकशाफ्ट त्या मर्यादेच्या बराच खाली राहील असाच आखलेला असतो. कारण ट्रक वर्षानुवर्षं चालायला हवा. म्हणजे दोन लाख मैलांनंतरही, जर त्याला कुठे इजा झाली नसेल, तर ते पोलाद सुरुवातीला होतं जवळपास तसंच असू शकतं. 'थकलं असणार' हा अंदाज आहे. त्याला तपासणीचा पर्याय आहे.

मात्र सगळी मेख 'इजा झाली नसेल तर' या चार शब्दांत आहे. तडा कुठून सुरू होतो ते ठरलेलं असतं: जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतं तो कोपरा, तेलाच्या भोकाची कड, एखादा ओरखडा, किंवा ग्राइंडिंग करताना दगडाने जाळलेली जागा. मूळ कारखान्याने कोपऱ्यात व्यवस्थित गोलाई ठेवलेली असते. मधल्या काळात कुणी घाईत क्रँक ग्राइंड करून तो कोपरा काटकोनी केला असेल, तर तिथे ताण गोळा होतो. कापडाला कात्रीने छोटा छेद दिला की ते सरळ त्याच रेषेत फाटत जातं, तसंच. तेव्हा जुन्या क्रँकशाफ्टचा शत्रू काळ नव्हे. त्याचा शत्रू म्हणजे आधीचा घाईतला कारागीर.

मग करायचं काय?

पहिलं काम धुणं. वरून धुणं सगळेच करतात. आत तेलाच्या वाटा असतात, त्यांत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. ब्रश घालून त्या साफ केल्या नाहीत, तर तो गाळ पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये उतरतो आणि दोष मात्र 'जुन्या क्रँक'ला मिळतो.

दुसरं, तडा शोधणं. क्रँकशाफ्टला चुंबकत्व देतात, त्यावर बारीक लोहकणांचं द्रावण सोडतात आणि अतिनील दिव्याखाली बघतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेपाशी कण रेघेसारखे जमतात. ही तपासणी आधी करायची, बाकी पैसे घालण्याआधी. तडा दिसला तर तो क्रँकशाफ्ट भंगारात. त्यावर चर्चा नाही, वेल्डिंग नाही, 'बघू, चालतोय तेवढा' नाही. जो जुन्याचा पुरस्कार करतो त्याच्याकडे जुनं फेकून द्यायचीही तयारी हवी. नाहीतर तो पुरस्कार निव्वळ हट्ट ठरतो.

तिसरं, सरळपणा. दोन टोकांच्या जर्नलवर व्ही-ब्लॉकांवर ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज लावायचा आणि हळू फिरवायचं. काटा किती हलतो ते बघायचं. मग मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल, दोन दिशांनी, दोन-तीन जागी मोजायचं: झीज, लंबगोलपणा, निमुळतेपणा. मोजायचं कशासाठी ते समजून घ्या. बेअरिंगमधल्या तेलाच्या फटीचा ढोबळ नियम असा, की जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंच. या इंजिनांचं मुख्य जर्नल पावणेतीन इंचांच्या आसपास, म्हणजे फट साधारण ०.०७ मिलिमीटर. माणसाच्या केसाएवढी. ती सगळी ताकद, तो २,९०० किलोंचा हिसका, एका केसाच्या जाडीच्या तेलावर तरंगतो. 'बोटाला गुळगुळीत लागतंय' हे माप इथे उपयोगाचं नाही.

चौथं, गरज असली तर ग्राइंडिंग. दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच कमी करून त्या मापाची बेअरिंगं घालायची. ग्राइंडरवाल्याला विचारायचा खरा प्रश्न 'किती घेणार?' हा नाही. 'कोपऱ्याची गोलाई किती ठेवणार?' हा आहे. त्याला प्रश्नच कळला नाही, तर नमस्कार करून क्रँकशाफ्ट घरी आणा. ज्या क्रँकशाफ्टांचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, त्यांचा तो थर ग्राइंडिंगमध्ये गेला का, हेही तपासायचं.

पाचवं, पुढचं टोक उतरवणं. हे लेथचं साधं काम वाटतं, पण टोक मुख्य जर्नलांच्या अक्षाशी अचूक एककेंद्री हवं. तिथे थोडा जरी तिरकेपणा आला, तर डॅम्पर डोलतो. आणि जाडी जिथे बदलते त्या पायरीवर पुन्हा तीच गोलाई. जो नियम कोपऱ्याला तोच इथे.

सहावं, समतोल. ट्रकचे पिस्टन आणि रॉड वजनदार असतात, म्हणून क्रँकशाफ्टची काउंटरवेटही वजनदार. तुम्ही हलके पिस्टन घालणार, म्हणजे आता काउंटरवेट गरजेपेक्षा जड झाली. अशा व्ही-८मध्ये प्रत्येक रॉड-जर्नलवर खोटी वजनं लावून क्रँकशाफ्ट यंत्रावर फिरवतात. फिरणारं वस्तुमान पूर्ण आणि वर-खाली होणारं निम्मं धरतात. जास्तीचं वजन भोकं पाडून किंवा काउंटरवेटची बाहेरची कड लेथवर उतरवून काढतात. इथे ट्रकचा क्रँकशाफ्ट उलट सोयीचा ठरतो. वजन काढणं सोपं असतं. वजन वाढवायचं तर काउंटरवेटमध्ये टंगस्टनचे जड तुकडे ठोकावे लागतात आणि ते महाग पडतात. 'ट्रकचा क्रँक जड, गाडी उठत नाही' ही तक्रारही इथेच बरीचशी मिटते. कारण अडथळा करतं ते केंद्रापासून लांबचं वजन, आणि बाहेरची कड उतरवताना नेमकं तेच जातं.

शेवटचं, डॅम्पर. प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्ट पिळला जाऊन परत उलगडतो. एका ठरावीक फेऱ्यांना ही थरथर चढत जाते आणि आवरली नाही तर क्रँकशाफ्ट तोडते. ती शमवायला पुढच्या टोकाला रबरावर बसवलेलं जड कडं असतं. पोलादाला वय नसतं असं वर म्हटलं, पण रबराला असतं. हजारो रुपयांचं काम करून चाळीस वर्षांचा तडकलेला डॅम्पर परत लावणारे लोक आहेत. त्यांच्या इंजिनाचं जे होतं, ते 'ट्रकच्या क्रँक'च्या नावावर जमा होतं.

पैशाचं गणित

आता नव्यावाल्यांचा खरा मुद्दा. वरची यादी वाचून ते म्हणतील, एवढ्या खर्चात नवा येतो. बरोबर आहे. आज ३९०च्या ब्लॉकसाठी सव्वाचार इंच स्ट्रोकचे नवे क्रँकशाफ्ट मिळतात. बोअर किंचित वाढवून इंजिन ४४५ घनइंचांचं होतं. शहरात चालवायच्या गाडीला, फार फेरे न मारता भरपूर ओढ हवी असेल, तर तोच मार्ग शहाणपणाचा आहे आणि तसं सांगायला मला कमीपणा वाटत नाही. 'स्वस्त पडतो' म्हणून ट्रकचा क्रँकशाफ्ट घेणाऱ्याने नीट हिशेब केला, तर तो स्वस्त पडेलच असं नाही. नीट हिशेब न करता तो स्वस्त पडतो, कारण तपासणीच गाळलेली असते.

पण ज्याला छोटा स्ट्रोक आणि जास्त फेरे हवे आहेत, ज्याच्याकडे घडीव क्रँकशाफ्ट पडलेला आहे, त्याच्यासाठी उत्तर वेगळं आहे. आणि त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा: नवा घेतला म्हणून वरची यादी संपत नाही. नव्याची जर्नलंही मोजावी लागतात, तेलाच्या वाटा धुवाव्या लागतात, समतोल तर तुमच्या पिस्टनप्रमाणे करावाच लागतो. चांगला इंजिन बांधणारा नवा क्रँकशाफ्टही खोक्यातून काढून थेट ब्लॉकमध्ये ठेवत नाही. मग नव्याचे जास्तीचे पैसे कशाचे? काही अंशी चांगल्या पोलादाचे, आणि उरलेले अनेकदा 'आता बघायची गरज नाही' या समाधानाचे. ते समाधान खोटं आहे. जुन्या क्रँकशाफ्टचा मोठा गुण हा, की तो ते खोटं समाधान देत नाही. तो तुम्हाला बघायला लावतो.

याला जुगाड म्हणू नका

हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध, असं वाटेल. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार रस्त्यावरच्या गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पुन्हा बोट ठेवलं. तेव्हा हा लेख वाचून कुणी घरची गाडी खोलायला बसू नये.

तरीही संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जमध्ये १९६०च्या दशकापासून पोलाद घडवलं जातं. ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि पुढच्या ॲक्सलचे बीम तिथून जगभर जातात. आणि आपल्या तालुक्यातालुक्यांत एखादं तरी दुकान असतं जिथे ट्रकचे, ट्रॅक्टरचे क्रँक ग्राइंड होतात. म्हणजे क्रँकशाफ्ट घडवायचं ज्ञान आपल्याकडे आहे आणि त्याला दुसरं आयुष्य द्यायचंही. तरी दुसऱ्या कामाकडे आपण कसं बघतो? मोबाइलवर एक रील येते, कुणीतरी जुन्या सुट्या भागांतून काहीतरी बनवलेलं असतं, आणि खाली लोक लिहितात, 'काय जुगाड केलाय!' कौतुक म्हणून.

मला हा शब्द या कामासाठी अपमान वाटतो. जुगाड म्हणजे आत्तापुरतं चालवून घेणं, पुढचं पुढे. क्रँकशाफ्टच्या कोपऱ्यातली गोलाई तपासणारा कारागीर बरोबर उलटं करत असतो. पुढचं पुढे न ढकलता ते आत्ताच बघून घेत असतो. तो हजारांश इंचात बोलतो, तडा दिसला तर गिऱ्हाईक नाराज होईल हे माहीत असूनही 'हा बाद' म्हणतो. अशा कामाला 'जुगाड' म्हटलं, की चालवून घेणारा आणि मोजून घेणारा एकाच ओळीत बसतात. मग गिऱ्हाईक दोघांतल्या स्वस्ताकडे जातं, आणि मोजणाऱ्याला कुणी जास्तीचे पैसे देत नाही. काही वर्षांनी त्याचा पोरगा दुकानात बसत नाही. दुकान बंद झाल्यावर आपण म्हणतो, आता जुनं दुरुस्त करून मिळत नाही, नवंच घ्यावं लागतं. ते आपोआप होत नाही. आपण कौतुकाचा चुकीचा शब्द वापरत आणि कामाची चुकीची किंमत देत तिथवर पोचतो.

म्हणून पुन्हा त्या दोन वाक्यांकडे. 'ट्रकचा आहे, त्याला काय होतंय?' असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: तडा तपासलास का, सरळपणा किती आला, गोलाई किती ठेवली, समतोल कुठल्या वजनावर केला? 'नवाच घ्या' असं कुणी म्हणालं, तर त्यालाही हेच चार प्रश्न विचारा. ज्याच्याकडे चारही प्रश्नांची आकड्यांत उत्तरं असतील, त्याचं इंजिन बांधायला द्या. क्रँकशाफ्ट स्कूल बसमधून आलाय की खोक्यातून, हा प्रश्न त्यानंतरचा.